ज्येष्ठांची ऑनलाइन व्याख्यानं: वक्ता मोठा हवा की चित्र मोठं?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की सहकारनगरमधल्या तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं दर आठवड्याला ऑनलाइन व्याख्यान सुरू केलं. पहिल्या वेळी ऐंशीच्या आसपास माणसं आली, आता पंधराही जमत नाहीत. वार्धक्याच्या विषयांना ‘तेच ते, मधुमेह आणि गुडघे’ म्हणून नाकं मुरडतात. चित्रकलेचं एक व्याख्यान ठेवलंत, तर ‘आम्हाला त्यातलं काय कळतंय’ म्हणून कोणी फिरकलं नाही. आता कार्यकारिणी म्हणते, नावाजलेला वक्ता आणा. तर कोणाला बोलवावं?

वक्त्यांची यादी मी देणार नाही, कारण अडचण वक्त्याची नाही असं मला वाटतं. मी शाळेत चित्रकला शिकवत होते. निवृत्तीनंतर पुण्यातल्या काही ज्येष्ठ मंडळांसाठी असेच ऑनलाइन कार्यक्रम घेत आले आहे. कधी सोबत डॉक्टर असतात, कधी वकील, बरेचदा मी एकटीच. गर्दी वाढताना पाहिली आहे आणि ओसरतानाही. त्यावरून जे समजलंय ते सांगते.

पुण्याला व्याख्यानाची हौस जुनी. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 मध्ये, आणि ती अजून चालू आहे. पण व्याख्यानाला जाणारा माणूस फक्त व्याख्यानाला जात नाही. तो अर्धा तास आधी पोचतो, ओळखीच्या माणसाशेजारची खुर्ची धरतो, ‘काय, डोळ्याचं ऑपरेशन झालं का?’ विचारतो, वक्त्याच्या मुद्द्यावर शेजाऱ्याच्या कानात शेरा मारतो आणि संपल्यावर चहा घेत वक्त्याला कुठे काही कळलं नाही यावर बोलतो. ऑनलाइन केलं की हे सगळं गळून पडतं आणि उरतं निव्वळ भाषण. निव्वळ भाषण तर यूट्यूबवर रात्रंदिवस आहे, तेही हवं तिथे थांबवता येणारं. मग सभासदानं तुमच्याकडे ठरलेल्या वेळी का यावं? तुमचा खरा प्रश्न हा आहे. नावाजलेला वक्ता एका दिवसाची गर्दी आणेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा पंधरा.

माणसं येतात ती स्वतःला बोलायला मिळालं तर. आणि इथे तुमच्या दोन पडलेल्या विषयांचा उपयोग आहे. वार्धक्यावर थेट बोला म्हटलं की माणूस मिटतो. ‘मला ऐकू येत नाही’, ‘मला जिन्याची भीती वाटते’ हे कोणी साठ जणांच्या पडद्यावर म्हणत नाही. पण समोर चित्र ठेवलं की बोलणं चित्राबद्दल सुरू होतं आणि दहा मिनिटांत स्वतःवर येतं. म्हणून आरोग्याची एक माला आणि कलेची दुसरी, असं करू नका. दोन्ही एकाच सत्रात आणा. चित्र आधी, डॉक्टर नंतर.

एक सत्र पूर्ण सांगते, म्हणजे कल्पना येईल. विषय मोतीबिंदू. सुरुवातीला मी फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची दोन चित्रं दाखवते, दोन्ही त्याच्या बागेतल्या जपानी पुलाची. एक 1899 च्या सुमाराचं, हिरवं-निळं, निवांत. दुसरं साधारण वीस वर्षांनंतरचं, तांबडं-तपकिरी, पूल शोधावा लागतो असं. काहीही न सांगता विचारते, ‘या दोन चित्रांत काय फरक दिसतो?’ इथे ‘मला चित्रातलं कळत नाही’ म्हणणारेही बोलतात, कारण फरक डोळ्यांना दिसतो, त्याला शिक्षण लागत नाही. कोणी म्हणतं आग लागलीय, कोणी म्हणतं चित्रकार चिडलाय. मग सांगते की मोनेला 1912 मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, त्यानं भीतीनं शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं टाळली, आणि शेवटी 1923 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, उजव्या डोळ्याची करून घेतली. नंतर तो वैतागला की सगळं फार निळं दिसतंय. डावा डोळा त्यानं करूच दिला नाही. सगळा तांबडेपणा मोतीबिंदूमुळेच, असं छातीठोकपणे म्हणू नये. चित्रकाराची मर्जी नावाचीही गोष्ट असते. पण डोळ्याचा त्यात वाटा होता, हे मानायला जागा आहे.

एवढं झालं की माझं काम जवळपास संपतं. ‘माझ्याही बाबतीत अगदी असंच! ऑपरेशननंतर घरी आले तर स्वयंपाकघराची भिंत पांढरी नाही, निळसर दिसली’ असं कोणीतरी म्हणतंच. मग नेत्रतज्ज्ञ वीस मिनिटं बोलतात: वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, निळा-जांभळा प्रकाश अडवतं, म्हणून गडद निळा आणि काळा यांत गल्लत होते, आणि जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखता येत नाहीत. यातून पुढचा मुद्दा आपोआप येतो. जिन्याची पायरी आणि तिची कड एकाच रंगाची असेल तर कड दिसत नाही, म्हणून कडेला ठळक वेगळ्या रंगाची पट्टी लावा. बाथरूममध्ये पांढऱ्या फरशीवर पांढरं पायपुसणं नको. पडण्यापासून बचाव हा विषय स्वतंत्र ठेवला असता तर ‘तेच ते’ झालं असतं. मोनेच्या मागून तो आला की लोक वही काढतात.

चित्र आणि आरोग्य जोडणारे असे दुवे पुष्कळ सापडतात. फ्रेंच चित्रकार आंरी मातिसची 1941 मध्ये पोटाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर त्याचा बराचसा वेळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत गेला. ईझलसमोर, म्हणजे चित्र ठेवायच्या घोडीसमोर, उभं राहणं जमेना, तेव्हा त्यानं मदतनिसांकडून कागद रंगवून घेतले आणि कात्रीनं आकार कापले. आज जगभर त्याची ओळख सांगणाऱ्या कामांत ही कागदकापणी आहे. पलंगावर बसून लांब काठीला कोळसा बांधून भिंतीवर रेखाटणारा मातिस फोटोत दाखवला की फिजिओथेरपिस्टला वॉकर आणि काठीबद्दल बोलायला वेगळी प्रस्तावना लागत नाही. काठी घ्यायची लाज वाटणाऱ्या पुरुषांवर याचा परिणाम होतो, हे मी पाहिलंय. आपल्याकडचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी पन्नाशीनंतर एका फसलेल्या शस्त्रक्रियेत दृष्टी गमावून बसले, तरी कागदकाम आणि भित्तिचित्र करत राहिले. रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं मोठं प्रदर्शन पॅरिसला 1930 मध्ये भरलं, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावर. डच चित्रकार रेम्ब्रांटनं तरुणपणापासून 1669 पर्यंत, मरणाच्या वर्षापर्यंत, स्वतःचा चेहरा रंगवला. ती चित्रं क्रमानं दाखवून ‘आरशात बघताना तुम्हाला काय वाटतं?’ एवढं विचारलं की पुढचा अर्धा तास निवेदकाला काम नसतं.

मात्र या गोष्टी ‘बघा, वय म्हणजे फक्त आकडा’ अशा सुरात सांगू नका. आपल्यासमोर ज्यांचा हात खरोखर थरथरतो अशी माणसं बसलेली असतात. त्यांना मातिस व्हायचं नसतं, त्यांना कपातला चहा न सांडता प्यायचा असतो. स्फूर्तिदायक भाषणाची मला स्वतःला थोडी ॲलर्जीच आहे, तेव्हा हा सल्ला त्या हिशेबानं घ्या.

आणि प्रत्येक विषयाला चित्र चिकटवू नका. मृत्युपत्र, नॉमिनी, मुलानं घर नावावर करून घेतलं आणि आता विचारत नाही, हे विषय वकिलानं सरळ मांडावेत. इथे लोकांना नेमकी माहिती हवी असते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि नोंदणी सक्तीची नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली तर, न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. या विषयांत ऑनलाइनचा एक मोठा फायदा असतो, जो हॉलला नाही. माणूस कॅमेरा बंद ठेवून, नाव बदलून, खाजगी चॅटमध्ये प्रश्न विचारू शकतो. सुनेबद्दलचा प्रश्न शेजारणीसमोर कोण विचारेल? लघवीवर ताबा न राहणं, पती गेल्यानंतरचं एकटेपण, याही विषयांचं तेच. अशा सत्रात प्रश्न आधीच फोनवर मागवून घ्या, निवेदकानं नाव न घेता वाचावेत, आणि प्रश्नोत्तरांचं रेकॉर्डिंग कधीही करू नका. तसं सुरुवातीलाच जाहीर सांगा. त्यानं फरक पडतो.

आता कला म्हणजे फक्त पाश्चात्त्य चित्रकार असं वाटू देऊ नका. माझी सगळ्यात बोलकी सत्रं घरगुती वस्तूंवरची असतात. राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्हाला जवळच आहे. तिथले दिवे आणि अडकित्ते बहुतेकांनी कधीतरी पाहिलेले असतात, निदान नातवंडांना दाखवलेले असतात. एका अडकित्त्याचा फोटो पडद्यावर मोठा करून ठेवते. संग्रहालयात काचेपलीकडे असलेली नक्षी फोनवर बोटभर अंतरावर येते. मग प्रत्येकानं घरातली एक जुनी वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायची: पानाचा डबा, पुरणयंत्र, आजीची फणीकरंड्याची पेटी. जी बाई वर्षभर माइक म्यूट करून बसते, ती पितळी बंबात पाणी कसं तापायचं आणि राखेनं तो घासताना काय व्हायचं हे सविस्तर सांगते. तसंच राजा रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वतीचं. ती चित्रं छापणारा त्याचा छापखाना पुढे आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला होता, हे कळल्यावर मंडळी चकित होतात, आणि मग कोणाच्या देवघरात कोणतं चित्र होतं याची मोजदाद सुरू होते. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, शि. द. फडणीसांची शब्दांवाचूनची हास्यचित्रं, यांनाही असाच प्रतिसाद मिळतो. फडणीसांच्या चित्रांचा वेगळा फायदा म्हणजे वाचावं काहीच लागत नाही आणि हसू एकाच वेळी येतं. ऑनलाइन कार्यक्रमात सगळे एकदम हसणं दुर्मीळ असतं.

तुमच्या सभासदांत कोणाला विसरण्याचा आजार असेल, आणि असणारच, तर वस्तूंची आणि चित्रांची सत्रं त्यांच्यासाठी खुली ठेवा, काळजी घेणाऱ्या माणसासकट. अल्झायमरमध्ये नुकतंच घडलेलं आधी निसटतं, लहानपणचं बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी चित्रांसमोर गप्पांचा उपक्रम चालवला, त्यामागचा विचार असा की चित्राबद्दल बोलायला आठवण लागतेच असं नाही, समोर दिसतंय त्यावर बोलता येतं. म्हणून निवेदकानं एक पथ्य पाळायचं: ‘आठवतंय का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. ती परीक्षा होते. ‘इथे काय चाललंय असं वाटतं?’ विचारा. उत्तर चुकत नाही.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते निम्मी गळती इथे होते आणि कोणी तसं सांगत नाही. ‘वेळ नव्हता’ म्हणतात. वयानुसार ऐकणं कमी होतं ते आधी उंच पट्टीच्या आवाजांत. अ, आ, ओ असे स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ असे व्यंजनांचे बारीक आवाज पुसट होतात. म्हणजे बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आवाज वाढवून फारसं साधत नाही. वक्त्याला वायरचा हेडफोन-माइक लावायला लावा आणि डोक्यावरचा पंखा बंद करायला सांगा. मागे सतार-बासरीची धून अजिबात नको. उजेड वक्त्याच्या चेहऱ्यावर हवा, पाठीमागच्या खिडकीत नको, कारण कमी ऐकणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो. याच कारणासाठी स्लाइड सतत पडद्यावर ठेवू नका; फोनवर मग वक्त्याचा चेहरा टिकलीएवढा होतो. चित्र दाखवा, बघू द्या, शेअरिंग बंद करा, मग चेहरा दिसू द्या. अक्षरांनी भरलेल्या स्लाइड डॉक्टर मंडळी हमखास आणतात. त्या नम्रपणे परत कराव्यात. एका स्लाइडवर एक चित्र, बाकी तोंडी.

गाण्याचा कार्यक्रम ठेवणार असाल तर आणखी एक तिढा. झूम सलग चालणारा आवाज पार्श्वभूमीचा गोंगाट समजून दाबतं, म्हणजे तानपुरा गिळतं आणि गायिका अधांतरी राहते. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय आहे, ती गायिकेच्या बाजूनं चालू करावी लागते. आदल्या दिवशी तपासून घ्या.

वेळेचं सरसकट उत्तर नाही, ते तुमच्या सभासदांवर अवलंबून. सकाळी अकरा पुरुषांना आवडतं, पण ती वेळ बायकांच्या कुकरची असते. शिवाय रक्तदाबासाठी सकाळी लघवीची गोळी घेणाऱ्यांना त्या वेळात तासभर एका जागी बसणं अवघड जातं. दुपारी एक ते चार पुण्यात कोणाला फोनही करू नये, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझा अनुभव साडेचारच्या बाजूनं आहे: चहा हातात, फिरायला जायला अजून अवकाश. गुरुवार नको. दुरुस्तीसाठी पाणी किंवा वीज बंद ठेवायची ती पुण्यात बहुधा गुरुवारी. सत्र एक तासाचं, त्यात सलग बोलणं पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. झूमची फुकट सभा चाळीस मिनिटांनी तुटते आणि परत आत येण्यात निम्मी माणसं हरवतात, तेव्हा संघानं पैसे भरून खातं घ्यावं.

लिंकबद्दल एक गोष्ट बहुतेक आयोजकांच्या लक्षात येत नाही. आपणच सायबर फसवणुकीवर व्याख्यान ठेवतो, ‘अनोळखी लिंकवर बोट लावू नका, डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाही, फसलात तर लगेच 1930 या हेल्पलाइनला फोन करा’ असं बजावतो, आणि दुसऱ्या दिवशी शुभ सकाळच्या फुलांच्या ढिगात एक निळी लिंक टाकतो. शहाणा माणूस ती दाबणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून वर्षभर एकच कायमची लिंक ठेवा, ती नेहमी एकाच ओळखीच्या नंबरवरून, सत्राच्या एक तास आधी, सोबत त्याच माणसाच्या आवाजातल्या निरोपासह पाठवा. ओटीपी किंवा पैसे या मार्गानं कधीच मागितले जाणार नाहीत, हे ठरवून टाका. आणि जे दोन वेळा आले नाहीत त्यांना फोन करा. मेसेज करू नका. त्या फोनवर कार्यक्रमाबद्दल पाच मिनिटं आणि बाकीच्या गोष्टींबद्दल वीस मिनिटं बोलणं होईल, ते होऊ द्या. कार्यक्रमाचा तोही भाग आहे.

सत्राच्या आधी पंधरा मिनिटं खोली उघडी ठेवून सगळ्यांचे माइक चालू ठेवा. गोंधळ होईल. ‘ऐकू येतंय का?’ दहादा होईल, पडद्यावर ‘रेडमी’ आणि ‘सॅमसंग’ नावाचे चार-चार सभासद दिसतील. पण खुर्ची धरण्याचा आणि कानात शेरा मारण्याचा तो जो भाग गळून पडला होता, तो इथे थोडा परत मिळतो. फोनवरून मदत करायला एक स्वयंसेवक वेगळा नेमा. निवेदकानं दोन्ही करू नये.

आणखी एक पथ्य, याबाबत मी कडक आहे. विकायला येणारा वक्ता नको. गुडघ्याचं तेल, कॅल्शियमच्या गोळ्या, विमा, ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प, कोणीही प्रायोजक म्हणून आला आणि शेवटी नंबर मागू लागला की सभासदांचा विश्वास संघावरून उडतो. मानधन द्या, थोडं का होईना, म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येतं.

लगेच काय करावं? पहिलं सत्र अडकित्त्यांवर किंवा घरातल्या जुन्या वस्तूंवर ठेवा. त्याला वक्ताच लागत नाही, तुमच्यातलं कोणी बोलतं असेल तर पुरे. दुसरं मोने आणि तुमच्या भागातला एखादा नेत्रतज्ज्ञ. तिसरं मृत्युपत्र, चित्राशिवाय, प्रश्न आधी मागवून. तोपर्यंत कोण बोलतं, कोण गप्प राहतं आणि कोणाचा फोन वारंवार तुटतो, हे कळलेलं असेल, चौथं त्यावरून ठरवा. संख्या तीसच्या पुढे गेली नाही तरी खंत करू नका. तीसपेक्षा जास्त चेहऱ्यांत गप्पा होत नाहीत, त्याऐवजी दोन गट करता येतात. आणि कार्यकारिणीला नावाजलेला वक्ता हवाच असेल, तर त्या वक्त्याला वर्धापनदिनाला बोलवा, प्रत्यक्ष हॉलमध्ये, बटाटेवड्यासकट.